शरीर वस्तुमान निर्देशांक आणि देहातील मेद : एका मापाचा ऐतिहासिक अभ्यास (१८३५ ते २०२५)

प्रस्तावना

व्यक्तीच्या किलोग्रॅममधील वजनाला तिच्या मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जी संख्या मिळते, तिला शरीर वस्तुमान निर्देशांक अथवा प्रचलित भाषेत बीएमआय असे म्हणतात. १.७० मीटर उंची आणि ६५ किलोग्रॅम वजन असलेल्या व्यक्तीचा निर्देशांक सुमारे २२.५ येतो. दवाखान्यातील तक्ता, विम्याचा अर्ज, व्यायामशाळेची भिंत, शासकीय आरोग्य सर्वेक्षणाचा अहवाल अशा नाना ठिकाणी ही संख्या आज आढळते. १८.५ च्या खाली कृश, २५ पासून पुढे अतिवजनी आणि ३० पासून पुढे स्थूल, हे वर्गीकरण सुशिक्षित वाचकाच्या चांगलेच परिचयाचे झाले आहे.

वस्तुतः या सूत्रात मेदाचा कोठेही उल्लेख नाही. वजनकाटा मेद, स्नायू, अस्थी आणि पाणी यांत भेद करीत नाही, आणि उंची मोजण्याची पट्टी तर देहाच्या घडणीविषयी त्याहूनही कमी सांगते. असे असूनही या दोन मापांच्या भागाकाराला देहातील चरबीचा निदर्शक मानण्याची प्रथा जगभर रूढ झाली. ती कशी रूढ झाली, तिच्यातील सीमारेषा कोणी व कोणत्या आधारावर आखल्या आणि भारतीय देहाला त्या लागू करताना काय घडले, यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. निर्देशांकाचा जन्म समूहाच्या सरासरीचे वर्णन करण्यासाठी झाला. एकेका व्यक्तीच्या मेदाचा अंदाज देण्याचे काम त्याच्याकडे सुमारे दीड शतकाने आले. ते सोपविताना ज्यांचे देह कधी मोजलेच गेले नव्हते अशा समाजांनाही त्याच रेषा लागू झाल्या. हा क्रम ध्यानात घेतल्याशिवाय या मापाची उपयुक्तता आणि त्याच्या मर्यादा, दोन्हींचे योग्य आकलन होत नाही.

केतले यांचा 'सरासरी मनुष्य'

या सूत्राचा उगम वैद्यकात नाही. बेल्जियममधील गेंट येथे १७९६ साली जन्मलेले अडॉल्फ केतले हे व्यवसायाने गणितज्ञ व खगोलशास्त्रज्ञ होते. ब्रुसेल्स येथे वेधशाळा उभारण्याच्या कामासाठी ते १८२३ साली पॅरिसला गेले आणि तेथे लाप्लास, फुरिये प्रभृतींच्या वर्तुळात त्यांचा संभाव्यताशास्त्राशी निकट परिचय झाला. आकाशस्थ ज्योतीचे स्थान अनेकदा मोजले की प्रत्येक वेळी किंचित निराळे उत्तर येते. ही उत्तरे एका मध्याभोवती ठरावीक नियमाने विखुरलेली असतात आणि तो मध्य हेच खऱ्या स्थानाचे सर्वोत्तम अनुमान असते. खगोलशास्त्रज्ञांची ही रीत केतले यांनी मनुष्यसमाजाला लावली. जन्म, मृत्यू, विवाह, गुन्हे, उंची, वजन, छातीचा घेर अशा सर्व बाबींच्या मापांतून त्यांनी 'सरासरी मनुष्य' या कल्पनेची मांडणी केली. पाच हजारांहून अधिक स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापे त्रुटींच्या नियमानुसार मध्याभोवती विखुरलेली आहेत, हे त्यांनी पुढे १८४६ साली दाखविले. ते उदाहरण संख्याशास्त्राच्या इतिहासात आजही दिले जाते.

वजन व उंची यांच्या परस्परसंबंधाविषयीचे त्यांचे विवेचन १८३५ साली पॅरिस येथे प्रसिद्ध झालेल्या, मनुष्य व त्याच्या शक्तींचा विकास या विषयावरील त्यांच्या द्विखंडात्मक ग्रंथात येते. तेथील प्रश्न मुळात भूमितीचा आहे. मनुष्य सर्व दिशांनी सारखाच वाढत असता, तर त्याचे वजन उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढले असते. उंची दुप्पट झाली की वजन आठपट व्हायला हवे. प्रत्यक्षात तसे होत नाही. वाढीच्या वयात वजनाचा वर्ग उंचीच्या पाचव्या घाताच्या जवळपास राहतो, आणि पूर्ण वाढ झालेल्या निरनिराळ्या उंचीच्या माणसांची तुलना केल्यास वजन उंचीच्या वर्गाच्या जवळपास राहते, असे त्यांना आढळले. उंच माणूस हा ठेंगण्या माणसाची सर्व अंगांनी फुगविलेली प्रतिकृती नसतो. तो उंचीच्या मानाने सडपातळ असतो. वर्गाचा नियम ही याच निरीक्षणाची गणिती मांडणी होय.

येथे दोन गोष्टी नोंदविणे अगत्याचे आहे. पहिली अशी की केतले यांना स्थूलतेचा प्रश्न पडलेला नव्हता. कोण लठ्ठ, कोण रोगी याचा निवाडा करण्यासाठी त्यांनी हे प्रमाण मांडले नाही. वयोमानानुसार मनुष्यजातीच्या वाढीचे नियम शोधणे एवढाच त्यांचा हेतू होता. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांची निरीक्षणे मुख्यत्वे पश्चिम युरोपातील लोकांची होती. त्यांनी 'सरासरी' हा शब्द वापरला खरा, परंतु ती सरासरी कोणाची, हा प्रश्न त्यांच्या काळात फारसा कोणी विचारला नाही. शिवाय सरासरीपासून होणारे विचलन म्हणजे निसर्गाची जणू चूक, अशी छटा त्यांच्या मांडणीला होती. सरासरीचे वर्णन आणि आदर्शाचे विधान यांतील अंतर तेव्हापासूनच पुसट झाले होते. पुढे विमा कंपन्यांनी ते पुरतेच पुसून टाकले.

विमा कंपन्यांची कोष्टके

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत आयुर्विम्याचा व्यवसाय झपाट्याने वाढला. कोणता अर्जदार लवकर मरण पावण्याची शक्यता आहे, हे ठरविणे हा या व्यवसायाचा गाभा. वजनकाटा स्वस्त होता, तो चालविण्यास विशेष कौशल्य लागत नव्हते आणि त्यावरील आकडा कागदावर नोंदविता येत होता. उंचीनुसार वजनांची कोष्टके तयार करून सरासरीहून फार अधिक वजनाच्या अर्जदारांकडून वाढीव हप्ता घ्यावा किंवा त्यांना विमा नाकारावा, ही पद्धत विसाव्या शतकाच्या प्रारंभीच पक्की झाली. १९१२ पासून प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संयुक्त अन्वेषणात अमेरिकेतील व कॅनडातील अनेक कंपन्यांचे अनुभव एकत्र करून देहयष्टी आणि मृत्यूदर यांचा संबंध तपासला गेला.

या परंपरेतील सर्वांत प्रभावी नाव मेट्रोपॉलिटन लाइफ इन्शुरन्स कंपनीचे. तिचे संख्याशास्त्रज्ञ लुई डब्लिन यांच्या पुढाकाराने १९४२ व १९४३ साली अनुक्रमे स्त्रिया व पुरुष यांच्यासाठी 'आदर्श वजनां'ची कोष्टके प्रसिद्ध झाली. १९५९ साली नव्या मृत्यू-अनुभवावर आधारलेली सुधारित कोष्टके आली तेव्हा 'आदर्श' हे विशेषण जाऊन 'इष्ट' हे विशेषण आले. १९८३ साली ती पुन्हा बदलली आणि बहुतेक उंचींसाठी शिफारस केलेली वजने थोडी वाढली. डॉक्टरांच्या भिंतींवर, पाकशास्त्राच्या पुस्तकांत आणि महिलांच्या मासिकांत ही कोष्टके पोहोचली. विमा विकणाऱ्या संस्थेचा जोखमीचा हिशेब समाजाच्या आरोग्याचा मानदंड होऊन बसला.

शास्त्रीय दृष्टीने या कोष्टकांत उणिवा होत्या आणि त्या गंभीर होत्या. विमा उतरविणारे लोक हे सर्व समाजाचे प्रतिनिधी नव्हते. त्यांत सुस्थितीतील गौरवर्णीयांचा भरणा होता. वजने कपड्यांसह व उंची बुटांसह घेतलेली होती आणि काही अर्जदारांनी तर आपली मापे स्वतःच सांगितली होती. लहान, मध्यम व मोठी असे देहाच्या 'सांगाड्या'चे तीन प्रकार कल्पून प्रत्येकासाठी निराळी वजने दिलेली होती. मात्र एखाद्याचा सांगाडा कोणत्या प्रकारचा, हे मोजण्याची रीत १९४० व १९५० च्या दशकांतील कोष्टकांत दिलेलीच नव्हती! ज्याने त्याने आपल्या सोयीचा सांगाडा निवडावा, असाच त्याचा व्यवहारातील अर्थ झाला.

याच काळात मेद आणि वजन या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे प्रयोगाने सिद्ध झाले होते. अमेरिकन नौदलातील वैद्यक अधिकारी अल्बर्ट बेंके यांनी पाण्याखाली माणसाचे वजन घेऊन देहाची घनता काढण्याची रीत विकसित केली. मेद पाण्याहून हलका आणि स्नायू व अस्थी पाण्याहून जड असल्याने देहाच्या घनतेवरून मेदाचे प्रमाण काढता येते, हे त्यामागील तत्त्व. १९४२ साली बेंके व त्यांचे सहकारी वेलम यांनी २५ व्यावसायिक फुटबॉलपटूंची मोजणी प्रसिद्ध केली. त्यांतील १७ जण तत्कालीन उंची-वजनाच्या कोष्टकाप्रमाणे अतिवजनी, म्हणून सेवेस अपात्र ठरत होते. घनतेवरून मात्र त्यांतील बहुतेकांच्या अंगी मेद अल्प असल्याचे दिसून आले. त्यांचा भार स्नायूंचा होता. कोल्हापूरच्या तालमीतील एखाद्या कसलेल्या पैलवानाला आजचा बीएमआयचा तक्ता लावला, तर हाच घोटाळा पुन्हा होतो. म्हणजे निर्देशांकाविरुद्धचा सर्वांत परिचित आक्षेप निर्देशांकाला त्याचे आजचे नाव मिळण्यापूर्वी तीस वर्षे उपलब्ध होता.

कीज यांचा लेख आणि नवे नाव

केतले यांच्या प्रमाणाला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव १९७२ साली मिळाले. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ एन्सेल कीज हे दुसऱ्या महायुद्धातील उपासमारीच्या प्रयोगामुळे आणि हृदयविकाराच्या बहुराष्ट्रीय अभ्यासामुळे प्रसिद्ध होते. विमा कोष्टकांवर त्यांचा रोष होता. 'आदर्श वजन' ही कल्पनाच त्यांना अशास्त्रीय वाटत असे. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'जर्नल ऑफ क्रॉनिक डिसीझेस' या नियतकालिकात अमेरिका, फिनलंड, इटली, जपान व दक्षिण आफ्रिका या पाच देशांतील सात हजारांहून अधिक पुरुषांच्या मापांवर आधारित एक लेख प्रसिद्ध केला. वजन भागिले उंची, वजन भागिले उंचीचा वर्ग, आणि घनाशी निगडित असलेला जुना निर्देशांक यांपैकी उत्तम कोणता, हा त्यांचा प्रश्न होता.

उत्तम कशास म्हणावे, याच्या दोन कसोट्या त्यांनी लावल्या. निर्देशांक उंचीवर अवलंबून नसावा. अन्यथा केवळ उंच किंवा ठेंगणे असल्याबद्दलच माणूस लठ्ठ अथवा कृश ठरेल. आणि देहातील मेदाशी त्याचा सहसंबंध शक्य तितका अधिक असावा. मेदाचे माप म्हणून त्यांनी त्वचेची घडी चिमट्यासारख्या उपकरणात धरून घेतलेली जाडी, आणि काही गटांत देहाची घनता यांचा उपयोग केला. या कसोट्यांवर वर्गाचे प्रमाण इतरांपेक्षा काहीसे सरस ठरले. कीज यांचे शब्द मात्र संयत होते. हा निर्देशांक पूर्णपणे समाधानकारक नसला तरी सापेक्ष वजनाच्या अन्य कोणत्याही निर्देशांकाहून वाईट नाही, असा त्यांच्या निष्कर्षाचा आशय आहे. मोठ्या लोकसमूहांच्या अभ्यासासाठी एक सोपे साधन म्हणून त्यांनी त्याची शिफारस केली होती.

या लेखात एकही स्त्री नाही, आणि भारतीय उपखंडातील गटही नाही. समान निर्देशांक असलेल्या स्त्री व पुरुष यांची तुलना केल्यास स्त्रीच्या देहात मेदाचे प्रमाण सर्वसाधारणपणे बरेच अधिक असते. वयाबरोबर स्नायू घटतात व मेद वाढतो, त्यामुळे निर्देशांक स्थिर असूनही देह आतून बदललेला असतो. ही दोन्ही तथ्ये शरीरशास्त्रात अपरिचित नव्हती. तरीही प्रौढ स्त्री-पुरुषांसाठी व सर्व वयांसाठी एकच तक्ता पुढे रूढ झाला. नामकरणाचाही येथे वाटा असावा. 'केतले यांचे प्रमाण' म्हटले की तो कोणा गणितज्ञाचा हिशेब वाटतो. 'शरीर वस्तुमान निर्देशांक' म्हटले की शरीराचाच एखादा गुणधर्म मोजल्यासारखे वाटते.

सीमारेषांचा इतिहास

सूत्र आणि सीमारेषा यांचा इतिहास वेगवेगळा आहे. सूत्र १८३५ पासून बदललेले नाही, रेषा मात्र वारंवार बदलल्या. ब्रिटिश वैद्य जॉन गॅरो यांनी १९८० च्या दशकाच्या प्रारंभी २५, ३० व ४० या सुटसुटीत संख्यांवर स्थूलतेच्या श्रेणी सुचविल्या. १९८५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरविलेल्या परिषदेने पुरुषांसाठी २७.८ व स्त्रियांसाठी २७.३ या रेषा मान्य केल्या. त्या तेथील विशीतील तरुणांच्या मापांतील ८५ व्या शततमकावरून काढलेल्या होत्या. म्हणजे रोगाच्या जोखमीपेक्षा समूहातील स्थानावर त्यांचा आधार होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९९५ साली २५, ३० व ४० या रेषा स्वीकारल्या, आणि जून १९९८ मध्ये अमेरिकेनेही २५ ही रेषा मान्य केली. त्या एका निर्णयाने कोट्यवधी अमेरिकन नागरिक, वजनात एका ग्रॅमचीही वाढ न होता, अतिवजनी ठरले.

पाचाने भाग जाणाऱ्या या संख्यांना निसर्गात विशेष स्थान नाही. मृत्यूदराचा आलेख २४.९ ला सपाट आणि २५.० ला एकदम उंच होतो, असे घडत नाही. जोखीम क्रमाक्रमाने वाढत जाते. रेषा लक्षात राहाव्यात, जगभरच्या आकडेवारीची तुलना व्हावी आणि उपचाराचा निर्णय घेता यावा, ही प्रशासकीय गरज या संख्यांनी भागविली. त्यात गैर काही नाही. गैर तेव्हा होते, जेव्हा सोयीसाठी आखलेली रेषा शरीरातील भिंत मानली जाते.

कृशतेचे माप

भारताच्या संदर्भात या इतिहासाला आणखी एक पदर आहे आणि त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. आपल्याकडे या निर्देशांकाला सार्वजनिक धोरणात स्थान मिळाले ते बव्हंशी कुपोषणाचे माप म्हणून. १९८८ साली जेम्स, फेरो-लुझी व वॉटरलो या तज्ज्ञांनी प्रौढांमधील दीर्घकालीन ऊर्जान्यूनता ओळखण्यासाठी निर्देशांकाचा वापर सुचविला. १८.५ च्या खाली न्यूनता, १७ च्या खाली मध्यम व १६ च्या खाली तीव्र, या श्रेणी त्यातून रूढ झाल्या. अन्नाचा उष्मांक हिशेबात धरून गरिबी मोजण्याची चर्चा पुण्यातच वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांच्या १९७१ सालच्या अभ्यासाने देशभर पोहोचविली होती. व्यक्तीव्यक्तीची ऊर्जेची गरज वेगळी असते, या मुद्द्यावर पां. वा. सुखात्मे यांनी त्या हिशेबाला आव्हान दिले होते. खाल्लेले अन्न मोजण्यापेक्षा देह मोजणे सोपे व अधिक निर्विवाद, असे वाटण्यास ही पार्श्वभूमी अनुकूल होती.

१९९८-९९ च्या दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्रियांची उंची व वजन देशभर मोजले गेले आणि निर्देशांक शासकीय आकडेवारीत स्थिरावला. २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील १८.७ टक्के स्त्रिया व १६.२ टक्के पुरुष १८.५ च्या रेषेखाली होते, तर २४.० टक्के स्त्रिया व २२.९ टक्के पुरुष २५ किंवा त्याहून अधिक निर्देशांकाचे होते. एकाच देशात, कित्येकदा एकाच गावात, मापाच्या दोन्ही टोकांना मोठे समूह उभे आहेत. खालच्या टोकाला हे माप उपासमार सांगते आणि वरच्या टोकाला मेद सांगते, असे गृहीत धरले जाते. मधल्या पट्ट्यातील माणूस निरोगी, हे ओघानेच आले. भारतीयांच्या बाबतीत नेमके हे तिसरे गृहीतक डळमळीत निघाले.

भारतीय देह आणि पुण्यातील संशोधन

हा प्रश्न प्रथम ठळकपणे पुढे आला तो स्थलांतरितांमुळे. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांत मधुमेह व हृदयविकार यांचे प्रमाण तेथील गौरवर्णीयांच्या मानाने बरेच अधिक होते, आणि देहभारातील फरकाने त्याचा उलगडा होत नव्हता. मॅकीग, शाह व मार्मट यांनी लंडनमध्ये केलेला अभ्यास १९९१ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. दक्षिण आशियाई लोकांत मेद कंबरेभोवती साठण्याची प्रवृत्ती अधिक असून इन्सुलिनला शरीराने दिलेला प्रतिसाद मंदावण्याशी तिचा संबंध आहे, असे त्यातून पुढे आले. मेद किती, यासोबत मेद कोठे, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा ठरला. वजन व उंची यांच्या भागाकारात या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडणे शक्यच नव्हते.

फेब्रुवारी २००० मध्ये आशिया-प्रशांत विभागासाठी प्रसिद्ध झालेल्या एका दस्तऐवजात अतिवजनासाठी २३ व स्थूलतेसाठी २५ या रेषा सुचविण्यात आल्या. जुलै २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सिंगापूर येथे तज्ज्ञांची बैठक बोलाविली. आशियाई लोकांत समान निर्देशांकाला मेदाचे प्रमाण युरोपीयांहून अधिक असते, हे बैठकीने मान्य केले. परंतु जोखीम सुरू होण्याची रेषा निरनिराळ्या आशियाई समूहांत २२ ते २५ अशी, तर अधिक जोखमीची रेषा २६ ते ३१ अशी बदलत असल्याने सर्व आशियाईंसाठी एकच नवी रेषा आखणे तिने टाळले. जुन्या रेषा कायम ठेवून २३ व २७.५ हे सार्वजनिक आरोग्याच्या कृतीसाठीचे जादा टप्पे सुचविण्यात आले. हा अहवाल जानेवारी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला.

तो अहवाल ज्या पृष्ठावर संपतो त्याच पृष्ठावर एक अगदी छोटा मजकूर छापलेला आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी आपलेच छायाचित्र व आपलीच मापे त्यात दिली आहेत. दोघांचाही निर्देशांक २२.३, म्हणजे दोघेही तक्त्याप्रमाणे निर्दोष. क्ष-किरणांच्या साहाय्याने देहघटक मोजणाऱ्या यंत्रावर मात्र युडकिन यांच्या देहात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के मेद निघाला. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ही नोंद 'वाय-वाय विरोधाभास' म्हणून ओळखली जाते. दोन माणसांच्या मापांवरून सिद्धांत होत नाही, हे खरे; पण दीर्घ अहवालाने जे संख्यांनी सांगितले ते एका छायाचित्राने सांगितले, आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या ते अधिक लक्षात राहिले.

या छायाचित्रामागे पुणे जिल्ह्यातील ग्रामीण भागात चाललेले दीर्घ संशोधन होते. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू झाला. या मातांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलोग्रॅम, उंची सुमारे १५२ सेंटीमीटर व निर्देशांक सुमारे १८ होता. त्यांतील बहुसंख्य स्त्रिया शेतावर राबणाऱ्या होत्या. त्यांच्या बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांशी करण्यात आली. पुण्याकडील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम होते, तर साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलोग्रॅम. वजन, दंडाचा घेर, पोटाचा घेर अशा सर्व मापांत भारतीय बाळे लहान होती. परंतु सर्वांत कमी तफावत आढळली ती खांद्याच्या फऱ्याखालील त्वचेच्या घडीत, म्हणजे त्वचेखालील मेदात. स्नायू व पोटातील इंद्रिये यांची वाढ खुंटलेली असताना मेद मात्र तुलनेने राखला गेला होता. या बाळांचे वर्णन संशोधकांनी 'कृश पण मेदयुक्त' असे केले. २००३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

या निष्कर्षाचे महत्त्व वैद्यकापुरते नाही. भारतीयांच्या वाढत्या मधुमेहाचे खापर तोवर मुख्यतः शहरी जीवनावर, बैठ्या कामावर व गोडधोडावर फोडले जात असे. देहघडणीचा हा विशेष जन्मतःच, तोही खेड्यातील अल्पपोषित मातेच्या पोटी, दिसत असेल तर केवळ खादाडपणा व आळस यांच्या भाषेत स्थूलतेची चर्चा करणे अपुरे ठरते. अपुऱ्या पोषणाचा प्रश्न आणि मेदाचा प्रश्न हे निर्देशांकाच्या तक्त्यात दोन विरुद्ध टोकांना मांडले जातात. या बाळांच्या देहात ते एकत्र नांदत होते.

पुढील काळात रेषा पुन्हा हलल्या. २००९ साली भारतीय तज्ज्ञांच्या सहमती-निवेदनाने भारतीयांसाठी २३ पासून अतिवजन व २५ पासून स्थूलता असे ठरविले आणि कंबरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर अशी दिली. यामुळे लोकसंख्येतील आणखी १० ते १५ टक्के लोक अतिवजनी अथवा स्थूल गणले जातील, असा अंदाज निवेदनातच व्यक्त झाला होता. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २०१५ साली आशियाई वंशाच्या व्यक्तींची मधुमेह-तपासणी २३ पासून करण्याची शिफारस केली. अमेरिकेतील वा ब्रिटनमधील मराठी कुटुंबाला तेथील डॉक्टर शेजाऱ्याहून निराळी रेषा सांगतात, ती या इतिहासामुळे. भारतातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने मात्र आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी २५ ची रेषाच वापरली. त्यामुळे २४ निर्देशांक असलेली स्त्री दवाखान्यात अतिवजनी व शासकीय अहवालात सर्वसाधारण, अशी दोन ठिकाणी दोन वर्गांत मोडते. हा तपशील सार्वजनिक चर्चेत क्वचितच येतो.

जानेवारी २०२५ मध्ये दोन महत्त्वाचे दस्तऐवज प्रसिद्ध झाले. 'लॅन्सेट'च्या आंतरराष्ट्रीय आयोगाने स्थूलतेचे निदान केवळ निर्देशांकावरून करू नये, कंबरेचा घेर अथवा मेदाचे प्रत्यक्ष मोजमाप यांची त्यास जोड द्यावी आणि इंद्रियांच्या कार्यावर परिणाम झाला आहे की नाही हे पाहावे, असे सांगितले. त्याच महिन्यात भारतीय तज्ज्ञांनीही आपली मार्गदर्शक तत्त्वे सुधारली. २३ च्या वरील निर्देशांक हे प्रवेशद्वार कायम ठेवून, पोटावरील मेद व संबंधित विकार यांच्या आधारे स्थूलतेच्या दोन पायऱ्या त्यांनी मानल्या. निर्देशांकाला रजा देण्याची भाषा या दोहोंपैकी कोणीही केलेली नाही. वजनकाटा आणि भिंतीवरची पट्टी प्राथमिक आरोग्य केंद्रातही असते. देहघटक मोजणारे क्ष-किरण यंत्र जिल्ह्याच्या ठिकाणीही सहज मिळत नाही. कंबरेभोवती गुंडाळायची मोजपट्टी मात्र शिंप्याकडेही असते. या साध्या साधनाला अधिकृत स्थान मिळण्यास एवढा काळ का लागला, हा प्रश्न स्वतंत्र अभ्यासाला योग्य आहे.

पुण्याजवळच्या त्या सहा गावांतील मुलांचा पाठपुरावा संशोधकांनी सोडला नाही. ती १८ वर्षांची झाली तेव्हा सहाशेहून अधिक तरुण-तरुणींची साखरेची तपासणी करण्यात आली. ३७ टक्के मुलांत व १८ टक्के मुलींत रक्तातील साखरेचे नियमन बिघडलेले आढळले. त्यांतील बहुतेक मधुमेहाच्या पूर्वावस्थेत होते आणि मोजक्यांना मधुमेह झालेला होता. तपासलेल्या या तरुणांपैकी ४८ टक्क्यांचा निर्देशांक १८.५ पेक्षा कमी होता. राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या तक्त्यात त्यांची नोंद कृशांच्या रकान्यात होते.